माइकवर घेतलेलं नाव

कडुलिंबाला तुरे आले, की माझे गुडघे बोलायला लागतात. डॉक्टर म्हणतात, आजी, वय झालं. झालंच आहे, त्यात सांगण्यासारखं काय? पण माझ्या गुडघ्यांना वय कळत नाही, चैत मात्र बराबर कळतो. चैत म्हणजे जत्रा, आणि जत्रा म्हणजे उभं राहणं. पाळण्याखाली उभं राहणं, रसवंतीबाहेर उभं राहणं, कोणाचं तरी लेकरू लघवीला बसलंय म्हणून बाभळीच्या आडोशाला पदर धरून उभं राहणं. जन्मभर जत्रेला गेले, पण जत्रा अशी पाहिलीच नाही. पाहिली ती डोकी. एक, दोन, तीन, चार, पाच. थोडं पुढं गेलं, की पुन्हा एकपासून.

यंदाही मागच्या दारातून दिसणाऱ्या माळावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाळण्याचे खांब आले. आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या बाजूचं, तूर-कपाशीचं. एरवी त्या माळावर शेळ्यांशिवाय कोणी फिरकत नाही, पण जत्रेचे तीन दिवस पंचक्रोशी लोटते. आदल्या संध्याकाळी भोंगा लावून झाला आणि कोणीतरी ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ असं घोकायला लागलं. तोही बिचारा मोजतच होता. मला त्याची कीव आली.

जत्रेसाठी माझी लेक शोभा संभाजीनगरहून आली, सहा वर्षांच्या सईला घेऊन. शोभानं चाळिशी ओलांडली आहे आणि सई तिचं उशिराचं लेकरू, त्यामुळं काळजी जरा दाट. सकाळी ओट्यावर बसून तिनं सईच्या मनगटावर आतल्या बाजूनं बॉलपेननं मोबाईल नंबर लिहिला आणि वरून बिनरंगाचं नेलपॉलिश फिरवलं. घामानं पुसत नाही म्हणे. मग तिला भिंतीशी उभं करून फोटो काढला. आज अंगावर कोणते कपडे आहेत, ते वेळ आलीच तर दाखवता यावं म्हणून. गळ्यात शिट्टी घातली. त्यानंतर तोंडी परीक्षा. आईचं पूर्ण नाव, बाबांचं पूर्ण नाव, आजीचं गाव. सगळं खडाखडा आलं.

हरवलीस तर काय करशील, या प्रश्नाला सई म्हणाली, ‘आहे तिथंच थांबायचं, आणि कडेवर बाळ असलेली बाई दिसली की तिला सांगायचं.’

‘आणि ती बाईच हरवलेली असली तर?’ मी विचारलं.

सई विचारात पडली. हे तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

‘वैनी, तू तिला बिघडवून राह्यली,’ शोभा म्हणाली.

वैनी म्हणजे मी. हो, माझी लेक मला वैनी म्हणते. आमचं घर मोठं होतं. दोन्ही धाकटे दीर मला वैनी म्हणायचे, ते ऐकून पोरंही वैनी म्हणायला लागली. त्यांच्या बापाला सगळे भाऊ म्हणायचे, म्हणून पोरांचाही तो भाऊच. सासूबाईंना सगळे बाई म्हणत. जाऊ नुसतीच ‘अगं’ होती. अख्ख्या घरात एकाही माणसाला नाव नव्हतं आणि कोणाचं काही अडत नव्हतं. कोणी हाक मारली की ज्याला यायचं तो बरोबर यायचा. गोठ्यातल्या बैलांना मात्र नावं होती, कारण त्यांना बाजारात उभं करावं लागायचं.

सईचं ते मनगट वाळेपर्यंत फुंकर घालत बसलेल्या शोभाकडं पाहून मला हसू येत होतं. तिला वाटतं, ही सगळी हुशारी तिच्या पिढीची. मीही काही कमी हुशार नव्हते. म्हणजे मला तसं वाटायचं, आणि मला तसं वाटतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पंचविशीतली ती बाई आज माझ्यासमोर आली असती, तर मी तिला आधी पाणी दिलं असतं आणि मग कान धरून खाली बसवलं असतं. सातवी पास. घरातल्या बायकांत सगळ्यात जास्त शिकलेली. डोक्यावरचा पदर अगदी कपाळावर आणून ठेवायची आणि त्याच्या आतून सगळ्यांना शहाणपण शिकवायची.

शोभा लहान असतानाच्या एका वर्षी, जत्रेच्या आधी मी जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानी गेल्ते. पिवळ्या रंगावर लाल चेरी असलेलं कापड काढायला लावलं आणि पाचही पोरांना पुरेल एवढं फाडून आणलं. माझी दोन, जावेची तीन. पोरींना झगे, पोरांना सदरे, सगळे एकाच ताग्यातले. सासूबाई म्हणाल्या, ‘बँडवाले दिसून राह्यले.’ मी त्यांना समजावून सांगितलं, की बाई, यात युक्ती आहे. गर्दीत कुठूनही पाहिलं तरी आपलं लेकरू पिवळं चमकतं. नुसतं कापड ओळखायचं, तोंड बघायची गरजच न्हाई.

तोंड बघायची गरजच न्हाई. असं मी माझ्या तोंडानं म्हटलं होतं.

माळावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पायाखालचा फुफाटा एवढा तापलेला, की चपलेच्या कडेनं आत आला की पाय उचलावा लागे. रेवड्यांचे ढीग, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, उसाच्या चिपाडांचा आंबूस वास, पिपाण्या. जाऊ तिच्या तिघांना घेऊन देवाच्या रांगेत उभी राहिली. माझा मोठा मुलगा तिच्याच पदराला धरून होता. शोभा माझ्याकडं, साडेतीन-चार वर्षांची. तिनं माझा हात सोडला, कारण मी मोजून घ्यायला तिचा हात सोडला. हे आजवर कोणाला पटत नाही, पण तसंच झालं. मी बोटांवर रांगेतली डोकी मोजली, चार भरली, पाचवं शोधायला मान वळवली, तर पिवळा झगा दहा पावलांवर पुढं चाललेला. मी निवांत मागं गेले. झगा खेळण्यांपाशी थांबला, मी थांबले. झगा पुढं निघाला, मी निघाले. एका ठिकाणी तर मी गाळलेल्या मेंदीचा भाव करत उभी राहिले, कारण झगा समोरच होता.

मग झग्यानं मागं वळून पाहिलं. तिच्या नाकात चमकी होती. माझ्या पोरीचं नाक टोचलेलं नव्हतं.

त्या दुकानदाराकडं त्या कापडाचे ताग्यांवर तागे पडले असणार, आणि अर्ध्या तालुक्यातल्या हुशार बायका माझ्या आधी जालन्याला जाऊन आल्या असणार. मान वर करून पाहिलं तर माळभर पिवळं. पाळण्यात पिवळं, रसवंतीत पिवळं, बापाच्या खांद्यावर पिवळं. सगळ्या लेकरांना मी धावत जाऊन खांद्याला धरून वळवत होते आणि प्रत्येक वेळी दुसरंच तोंड निघत होतं. एका बाईनं माझा हात झटकला. तिचंही बरोबरच होतं.

भोंग्याचा मंडप देवळाच्या डाव्या अंगाला होता. माइकवर पांढऱ्या टोपीचा एक माणूस होता, देणगीदारांची यादी वाचणारा. मी धापा टाकत समोर जाऊन उभी राहिले. पोरगी हरवली म्हटलं. त्यानं माइकवर हात ठेवला आणि चांगल्या आवाजात विचारलं, ‘कोणाची पोरगी?’

आता इथं नवीन पोरींना थांबून सांगावं लागतं. त्या काळी आम्ही नवऱ्याचं नाव घेत नव्हतो. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणायचे. त्याच्या नावाचा दुसरा माणूस गावात असला तर त्याचंही नाव घ्यायचं नाही. माझ्या माहेरची एक म्हातारी नवऱ्याच्या नावात सूर्य आहे म्हणून सूर्याला ‘वरचा’ म्हणायची. नाव घ्यायची सोय एकच, उखाणा. लग्नात, डोहाळजेवणात, बायकांनी दार अडवलं की यमक जुळवायचं आणि त्यात गुंडाळून ते एकदा बाहेर काढायचं, लेकराला कडू औषध गुळातून द्यावं तसं. सातवी शिकलेली मी यावर हसायची. हसायची आणि पाळायची.

‘आमच्या यांची,’ मी म्हणाले.

‘यांची म्हणजे कोणाची, बाई? माइकवर यांची म्हणू का?’

मागं बसलेले दोघं-तिघं हसले. मी पदर पुढं ओढला. घराणं सांगितलं, गाव सांगितलं. तो म्हणाला, त्या गावात त्या आडनावाची वीस घरं असतील, बापाचं नाव सांगा. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. शब्द नव्हता असं नाही, अगदी दातांच्या मागं येऊन बसला होता. मी म्हटलं, थांबा, दीर आहे इथंच, तो येऊन सांगल. आणि मी दिराला शोधायला निघाले. लेकराला शोधायचं सोडून मी दिराला शोधायला निघाले, बापाचं नाव सांगायला. बैलबाजाराकडं गेले, तिथं नव्हता. कुस्त्यांच्या फडाला वळसा घालून आले, बायकांनी तिथं आत जायचं नसतं म्हणून बाहेरूनच. परत मंडपापाशी आले तेव्हा खांबाची सावली हातभर सरकली होती. टोपीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. माइक माझ्यापुढं धरला. ‘तुम्हीच बोला,’ म्हणाला.

माइक मी जन्मात पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहत होते. त्याला तोंडाच्या वाफेचा, तंबाखूचा वास येत होता. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं, त्यावर आमच्या घराण्यात गेली चाळीस वर्षं हसू चाललं आहे.

‘चैताच्या उन्हात कुठं न्हाई सावली,
भानुदासरावांची लेक कोणाला गावली?’

सगळा माळ हसला. पाळण्यातले वरून हसले. भोंगा इतका मोठा, की माझ्या स्वतःच्याच आवाजानं मी दचकले. टोपीवाला तोंडावर उपरणं धरून मान खाली घालून बसला. कुस्त्यांच्या फडात भानुदासराव बसले होते, त्यांच्या पाठीवर चार माणसांनी थापा मारल्या. मी मात्र हसत नव्हते. मी पुन्हा तेच म्हणाले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज फाटला आणि हसणं थांबलं.

पण हसण्यामुळंच काम झालं. साधी पुकारणी कोण ऐकतं? अमुक रंगाचा झगा, अमुक वय, लोक ऐकत नाहीत, रेवड्या खातात. उखाणा मात्र बायकांच्या तोंडातोंडी झाला. ऐकलं का, एकीनं माइकवर नवऱ्याचं नाव घेतलं, असं करत तो बांगड्यांच्या रांगेपर्यंत गेला. तिथं एक खाला बसायची, जाफराबादकडची. आमच्या गावात दर महिन्याला बांगड्या भरायला यायची, तिला सगळ्या लेकी-सुना ओळखीच्या, लेकरांची तोंडं मात्र लक्षात राहत नसत. हसणाऱ्या बायकांना तिनं विचारलं, काय झालं? आणि मग तिनं आपल्या चटईवर बसलेल्या पिवळ्या झग्याकडं पाहिलं.

हाताला धरून तीच शोभाला मंडपात घेऊन आली. शोभाच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, मोठ्या मापाच्या, रडू नये म्हणून घातलेल्या. मी पोरीला उचललं. खाला माझ्यावर चिडली होती, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘बावडी की तिसरी सीढी पर बैठी थी तेरी बच्ची,’ ती म्हणाली. ‘सब पूछते, किसकी है गे तू? बोलती, वैनी की. हँसते और चले जाते. मैं न उठाती तो?’

देवळामागं बारव आहे. पायऱ्यांची, खोल, चैतातही तळाला हिरवं पाणी असलेली. पुढं मी एकदाही त्या बाजूनं गेले नाही. अजून जात नाही. तिसरी पायरी म्हणजे वरून तिसरी, की पाण्याकडून तिसरी, हे मी खालाला विचारलं नाही. ती पुढं वीस वर्षं आमच्याकडं बांगड्या भरायला येत राहिली, दर महिन्याला माझा हात तिच्या हातात असायचा, आणि मी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

त्या संध्याकाळी आमच्या यांचे कान लाल होते. चार दिवसांनी जेवताना म्हणाले, ‘राव कशाला लावलं? भानुदास चाललं असतं.’ पुढं घरातल्या प्रत्येक लग्नात मला दारात अडवून तोच उखाणा घ्यायला लावायचे. पोरी टाळ्या पिटायच्या. मी घ्यायची, हातवारे करून घ्यायची. नक्कल आपली आपणच केली की लोक फार प्रश्न विचारत नाहीत. गोष्ट अशी सांगायची मी, की पोरगी हरवली, मी तडक माइककडं धावले आणि काही सुचेना म्हणून उखाणाच तोंडून निघाला. मधलं सगळं गाळून. गप्प उभी राहिले ते गाळून, दिराला शोधायला गेले ते गाळून, खांबाची सावली गाळून. टोपीवाल्याला ठाऊक होतं, पण तो परगावचा.

आता हे जाऊन चार वर्षं झाली. आयुष्य कमी व्हायचं ते त्यांचं त्यांनी पुरं केलं. तेव्हापासून मी त्यांचं नाव घेऊनच राहते. बँकेत घ्या, दवाखान्यात घ्या, तलाठ्याकडं घ्या, कैलासवासी भानुदास म्हणून अर्जावर लिहा. काउंटरमागची पोरगी मान वर न करता विचारते, मिस्टरांचं नाव? मी सांगते. कोणी हसत नाही. कधी कधी वाटतं, एखादीनं तरी हसावं.

थकवा येतो तो कामाचा नसतो, असं मला आताशा वाटतं. शेतात राबले, पोरं वाढवली, त्याचं काही नाही, ते अंग धुतलं की उतरायचं. ही मोजण्याची सवय मात्र उतरत नाही. मुलगा पुण्याला, त्याची पोरं आणखी लांब, शोभा संभाजीनगरला. रोज दिवेलागणीला मी ओट्यावर बसून सगळ्यांना एकदा मनात उभं करते आणि मोजते. कोणी फोन उचलला नाही, की आकडा चुकतो आणि पुन्हा एकपासून सुरू करावं लागतं. बारवेच्या पायरीवर एक कायम बसलेलंच असतं. ते धरून मोजायचं का सोडून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर परवा सकाळी शोभा सईच्या मनगटावर फुंकर घालत होती आणि मला काय झालं कोण जाणे. कंटाळा आला असावा, इतकी वर्षं एकच गोष्ट अर्धी सांगण्याचा. मी तिला उरलेली अर्धी सांगितली. टोपीवाल्यानं विचारलं तेव्हा मी बोलले नाही, शोभी. नाव घ्यायची लाज वाटली. दिराला शोधत फिरले. तू तिकडं पाण्याकाठी बसलेली आणि मी इकडं सावली हातभर सरकेस्तोवर शहाण्या सुनेसारखी वागून राह्यले होते.

मला वाटलं ती चिडेल. निदान गप्प होईल. तिनं नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण लावलं, घट्ट फिरवलं.

‘मला ऐकू आल्तं वैनी,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘तुझा आवाज. खालाच्या चटईवर बसल्ते ना मी. तिथं भोंगा बारीक यायचा, पण तुझा आवाज कळला मला.’

‘मंग उठून आली का न्हाईस? निदान खालाला सांगायचं.’

शोभा हसली. रागानं नाही, चार वर्षांच्या त्या पोरीची गंमत वाटावी तसं.

‘मला वाटलं तू दुसऱ्याच कोणाची तरी पोरगी शोधून राह्यली. भानुदासराव कोण, हे मला कुठं ठाऊक होतं? आपल्या घरी तर भाऊ होते. आणि माझं नाव तू घेतलंच न्हाई.’

मी उखाणा मनात म्हणून पाहिला. चाळीस वर्षं म्हणते आहे, झोपेतही म्हणता येईल. सावकाश, एकेक शब्द बोटावर घेत म्हणून पाहिला. त्यात चैत होता, ऊन होतं, नसलेली सावली होती, हे होते, रावांसकट होते. तेवढ्यात सईनं शिट्टी वाजवून पाहिली आणि शोभा तिला दटावायला वळली.

‘शोभा,’ मी हाक मारली.

ती हातभर अंतरावरच बसलेली होती. ‘काय गं?’ म्हणाली.

‘काही न्हाई,’ मी म्हटलं.